ताटलीखालची वायर

आप्पांनी बॅटरीला असली वायर जोडावी, हे मीटरला आधी खरंच वाटेना. ती काठावर ओढून ठेवलेल्या नावेत उकिडवी बसली होती, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात मल्टिमीटर, आणि तोंड उघडंच राहिलं होतं. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असता तर तिने दोन शिव्या हासडून विषय मिटवला असता. पण आप्पा! उभं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर काढलेला माणूस. वायर कशी सोलायची, जोड कसा पिळायचा, हे तिला हाताला धरून शिकवणारा तिचा सख्खा बाप.

मीटर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी दुधाचं भांडं गरम आहे की नाही हेसुद्धा ती हात लावल्याशिवाय मानत नसे, म्हणून आप्पांनी ते नाव पाडलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता चाळिशी उलटली होती, बॅटऱ्यांचं स्वतःचं दुकान होतं, दुकानाच्या वर बापलेक दोघंच राहत होती, आणि गिऱ्हाइकंही पाठीमागे तिला मीटरच म्हणत. तिची त्याला हरकत नव्हती. मुळात स्वतःच्या काट्यावर तिचा फार जीव.

नाव आप्पांची. लाकडी, दोन माणसांची, गळ टाकून बसायची. तळ्याचं पाणी पिण्याचं, म्हणून तिथे पेट्रोलच्या इंजिनाला बंदी. मागे लावायची ती विजेची छोटी मोटर. मोटरला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या. सहा महिन्यांपासून रडगाणं सुरू होतं. मोटर निघते झोकात आणि काठावरून हाक ऐकू येईल एवढं अंतर गेली, की माना टाकते. आप्पा रोज वल्हं मारत परत यायचे आणि पाठ धरून जिना चढायचे. आधीच त्यांच्या कमरेचा मणका कुरकुरणारा. शेवटी त्या दिवशी तेच म्हणाले, "बघ बाई एकदा," आणि ती बघायला लागताच केस कापायचे आहेत म्हणून निघूनही गेले.

मीटरने काटा लावला. एक बॅटरी बारा पॉइंट सात. दुसरी अकरा पॉइंट चार. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, रात्रभर एकाच चार्जरवर चढवलेल्या. तिने टर्मिनल घासली, पाणी तपासलं, दोघींना जोडणारी आखूड जाड वायर काढून परत आवळली. काही फरक नाही. मग जरा वाकून मागे बघितलं तर ती दिसली. काळी, बारीक, दोन तारांची वायर. रड्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवरून निघालेली, लाकडाला चिकटून, कुणाला दिसू नये अशी चोरून नेलेली, आणि पुढे मधल्या फळीखाली गडप झालेली. फळीला नवेकोरे पितळी स्क्रू.

जोडीतल्या एकाच बॅटरीवरून काही घ्यायचं नाही, हा आप्पांचाच नियम. दोन भावंडांत एकालाच सारखी कामं सांगितली तर ते आधी थकतं आणि मग दुसऱ्यालाही खाली ओढतं, असं त्यांनीच तिला शिकवलं होतं. आणि जोड तर आप्पांचाच होता. तीन घट्ट वेढे, वर टोक दाबलेलं. तो पीळ तिने हजारांत ओळखला असता. म्हणून ती हबकली होती.

मग तिला वाटलं, म्हातारपण. दुसरं काय! पूर्वी नावेच्या टोकाला पहाटेसाठी एक दिवा होता. तो गेल्या वर्षी फुटला, त्याची वायर राहिली असणार, आणि आत कुठेतरी ओल धरून बॅटरी पीत बसली असणार. खात्री म्हणून तिने मधे काटा लावला. शून्य. काहीच वाहत नव्हतं. मेलेली वायर! तिने टर्मिनलाशी एक टोक तोडलं, फळीशी दुसरं तोडलं, मधला दोन हात तुकडा खेचून काढला आणि गुंडाळून खिशात टाकला. फळी उघडून बघावी असं क्षणभर मनात आलं होतं. पण स्क्रू आठ, दुकान उघडं टाकलेलं, आणि दोष तर हातात आलेला. रडी बॅटरी तेवढी तिने दुकानात नेऊन एकटीच चार्जरवर भरली आणि परत आणून जागेवर बसवली.

आणखी दोन गोष्टी तिने त्या दिवशी बघितल्या आणि सोडून दिल्या. मागे मोटरच्या पाटाखाली बोटभर जाडीची एक नळी बाहेर डोकावत होती. गळाची काठी खोचायची सोय असेल, असं तिने धरून चाललं. आणि नाव आतून कोरडी ठणठणीत होती, फडक्याने पुसून काढल्यासारखी. हे बघून तर तिला बरंच वाटलं. कारण गेल्या वर्षी आप्पा गुडघ्यापर्यंत भिजून घरी आले होते, तेव्हा तिने जिन्यात उभं राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं, "पुन्हा नावेत थेंबभर पाणी दिसलं ना आप्पा, तर कुऱ्हाडीने फोडीन मी ती! सांगून ठेवते!"  त्यानंतर नाव सदा कोरडी. बोललं म्हणजे लागतं कुठेतरी, असं मीटरला वाटलं होतं.

संध्याकाळी आप्पा केस कापून, दाढी घोटून दुकानात आले.

आता या बापलेकीची एक रीत होती. दोष सापडला की तोंडाने सांगायचा नाही, दाखवायचा. आप्पा कामावर असतानाही कुरतडलेली केबल, गंजलेली पिन, जे सापडेल ते खिशातून आणून साहेबाच्या टेबलावर ठेवत आणि गप्प उभे राहत. मीटरने दुकानात तेच पुढे चालवलं. गल्ल्याशेजारी पत्र्याची एक ताटली असे. दोषी वस्तू बाकावर, तिच्यावर ताटली पालथी. गिऱ्हाइकाने विचारायचं, "काय होतं हो?" आणि हिने ताटली उचलायची. त्या क्षणाची मजा ती कमाईपेक्षा जास्त मानत असे. आणि बापाला ताटली उचलून दाखवायची संधी जन्मात किती वेळा येते!

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

आप्पांनी ताटलीकडे बघितलं. ती थांबली. विचारा ना, काय होतं म्हणून. एकदा विचारा.

आप्पांनी नजर काढून घेतली. "मग आता लांब जाता येईल?"

"लांब? पलीकडच्या काठाला जा आणि परत या. काटा हलायचा नाही."

"बरं झालं," आप्पा म्हणाले आणि पाठ धरून वर निघून गेले. जिन्यात ते चक्क शीळ घालत होते. हरले आणि कबूल करत नाहीत, असं म्हणून मीटर एकटीच हसली. उद्या संध्याकाळी तरी विचारतीलच. जातात कुठे!

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला पंपवाला दुकानात आला. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं पंपांचं दुकान, मोपेडवरून फिरणारा, बोलायला लागला की थांबत नाही असा गडी. त्याने खोकं बाकावर ठेवलं.

"आप्पांना द्या. नवा फ्लोट आलाय त्यांचा."

"कसला फ्लोट?"

"पंपाचा हो. आधीचा अडकतो म्हणत होते. आत पाणी साचलं की हा तरंगतो, वर आला की पंप आपोआप सुरू. पाणी मागच्या नळीने बाहेर गेलं की बंद. माणसाला बघायलाच नको."

"कुठलं पाणी?" मीटर हसत म्हणाली. "आमच्याकडे कुठली विहीर आहे?"

"विहीर कशाला? नावेच्या तळातला छोटा पंप! फळीखालचा. हल्ली दुप्पट पाणी येतंय म्हणाले, दर पाच मिनिटांनी सुरू होतो म्हणे. मी म्हटलं, आप्पा, भेग बुजवा आधी. तर म्हणतात, नाव काठावर महिनाभर वाळवत ठेवली तर लेक विचारेल, का म्हणून." पंपवाला एकदम थांबला. त्याने जीभ चावली. "अरे देवा. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मीटरला त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. शून्य. काल काटा शून्य दाखवत होता. दाखवणारच! नाव काठावर, आत थेंब नाही, फ्लोट खाली पडलेला. काट्याने खोटं सांगितलं नव्हतं. खोटं कुणीच सांगितलं नव्हतं. तिने ताटली उचलली. खाली काळी वायर गुंडाळून पडली होती, आणि तिच्या टोकाचे ते तीन वेढे.

"ही," ती म्हणाली, "ही मी काल तोडली."

पंपवाल्याने वायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. 

"आप्पा कुठे आहेत?" त्याने विचारलं.

आप्पा पहाटेच गेले होते. आप्पा आज शीळ घालत गेले होते.

ती मोपेडवर मागे बसली तेव्हा दुकान सताड उघडं होतं आणि पायात चप्पल एकच होती. खिशात पक्कड आणि ती वायर, मुठीत फोन. आप्पा पाण्यात फोन नेत नसत, काठावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवत. तो वाजत राहिला, वाजत राहिला, मग पहारेकऱ्याने उचलला.

"आप्पा? आज लई खूश होते बघा," तो म्हणाला. "मोटर काय पळत होती! मी म्हटलं, आप्पा, जपून. ते म्हणाले, लेकीने केलंय काम. पार मधोमध गेलेत."

"आता काय करताहेत? दिसतात का?"

"दिसतात की. बसलेत खाली वाकून. तास झाला असेल, जागचे हललेले नाहीत. मोठा मासा लागला असेल."

 मीटरला काय कळलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण कळलं मात्र सगळं एकदम. सहा महिने ती रडकी बॅटरी आप्पांना काठापासून लांब जाऊ देत नव्हती. कितीही पाणी आत आलं तरी दहा वल्ह्यांत काठ लागायचा. त्यांचा जीव राखला होता तो त्या बिघाडाने. आणि तो बिघाड तिने काल हौसेने काढून टाकला, पंप बंद केला, आणि वर बापाला सांगितलं, पलीकडच्या काठाला जा.

"तुमची नाव काढा," ती फोनवर ओरडली. "मासा नाही तो! नाव बुडतेय! काढा आधी नाव!"

पहारेकऱ्याची वल्ह्याची नाव ती पोहोचली तेव्हा पाण्यात तयार होती. पंपवाला काठावरच राहिला. तिघांचं वजन नको, असं तोच म्हणाला. पहारेकरी वल्ही मारत होता, ती टोकाशी बसली होती आणि डोळे लावून बघत होती. लांबून ते दृश्य इतकं शांत होतं की कुणालाही हेवा वाटावा. सकाळचं ऊन, सपाट पाणी, नावेत खाली मान घालून बसलेला म्हातारा. फक्त नाव जेवढी वर दिसायला हवी तेवढी दिसत नव्हती.

"आप्पा!" ती ओरडली. मान हलली नाही. "आप्पा!"

जवळ गेल्यावर तिला दिसलं ते ती आयुष्यात विसरणार नव्हती. आप्पा नावेच्या मधे गुडघ्यांवर बसले होते. पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. एक बॅटरी मागून इथपर्यंत ओढत आणलेली, पंपाच्या फळीला टेकवून फळकुटावर चढवलेली. फळीतून वायरीची वीतभर शेपटं वर आली होती, जेवढी मीटरने काल तोडताना सोडली होती तेवढीच. ती दोन शेपटं त्यांनी दातांनी सोलली होती आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन टर्मिनलांवर दाबून धरली होती. खाली पंप घरघरत होता. मोटर मागे मुकी लटकत होती. तिची अर्धी बॅटरीच काढून इथे आणलेली, ती चालणार कशी! चालायचं की तरंगायचं, दोन्हींतलं एकच होणार होतं. आप्पांनी तरंगायचं ठरवलं होतं.

त्यांनी मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता. "मीटर," ते म्हणाले, "नट पाण्यात पडला ग. आणि बॅटरी ओढताना पाठ धरली. हात सोडता येत नाही."

"किती वेळ?"

"मोजला नाही."

मीटर त्या नावेत उतरली. पहारेकरी नको नको म्हणत राहिला. बॅटऱ्या उचलण्यात जन्म गेलेली बाई ती. मागची दुसरी बॅटरी तिने पाण्यातून उपसली आणि पहारेकऱ्याच्या नावेत ठेवली, तसा आप्पांच्या नावेचा काठ चार बोटं वर आला. मग तिने खिशातली वायर काढली. आप्पांनी ती बघितली. 

 रोज डोळे मिटून करायचं काम, आणि वायर सोलता येईना. पक्कड निसटून पाण्यात पडली, तिने चाचपून काढली. एक टोक फळीच्या शेपटाला जोडायला गेली तर तार सुटून परत आली.

"घाई नको," आप्पा हळूच म्हणाले. "आधी सरळ कर. मग पीळ. तीन वेढे."

तिने सरळ केली. पिळली. तीन वेढे. दुसरी तार, तीन वेढे. दुसरी टोकं तिने टर्मिनलांच्या बुडाशी, आप्पांच्या अंगठ्यांच्या खाली गुंडाळली आणि पकडीने आवळली. पंपाची घरघर तशीच चालू राहिली.

"सोडा आता आप्पा."

आप्पांनी सोडलं नाही.

"आप्पा, झालं. सोडा. चालतोय पंप."

"सोडतोय ग," ते म्हणाले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. अंगठे त्यांचं ऐकत नव्हते. तेव्हा मीटरला रडू फुटलं, अगदी लहान मुलीसारखं, पहारेकऱ्यासमोर. रडत रडत तिने एकेक अंगठा धरून सोडवला. दोन्हींवर शिशाचे काळे खड्डे पडले होते. ते अंगठे तिने आपल्या मुठीत घेतले आणि चोळत राहिली.

"मला वाटलं, तुला सापडलीच नाही वायर," आप्पा म्हणाले. "तू काही बोलली नाहीस. मला बरं वाटलं, सुटलो म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही विचाराल काय होतं."

"विचारणार होतो." ते म्हणाले. "ताटलीखाली काय असेल, त्याची भीती वाटली."

पहारेकऱ्याने दोर बांधला आणि दोन्ही नावा काठाकडे निघाल्या. दोर ताणला, तशी नाव पुढे सरकली आणि पाणी फळ्यांवरून सळसळत मागे गेलं. मीटर पहारेकऱ्याच्या बादलीने पाणी उपसत होती. पंप एकीकडून, ती दुसरीकडून, तरी ते कमी होतंय असं वाटेना. काठ अजून बराच लांब होता. पंपवाला तिथे एवढासा दिसत होता, दोन्ही हात हलवत.

आप्पा तिच्याकडे बघत नव्हते. मोठ्या अपराध्यासारखे बसले होते, सत्तरी ओलांडलेला माणूस. "फोडणार का ग?" त्यांनी विचारलं.

त्यांना कुऱ्हाड आठवत होती. वर्षभर त्यांना ती कुऱ्हाडच आठवत होती, आणि म्हणून ते दातांनी वायर सोलत एकटे या पाण्यात बसले होते. मीटरला स्वतःचा तो जिन्यातला आवाज आता, इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा ऐकू आला. तिने बादली खाली ठेवली.

"भेग कुठे आहे?" तिने विचारलं.

"सांगतो ना."

"सांगू नका," ती म्हणाली. "दाखवा."

आप्पांनी थोडा विचार केला. मग तो सुजलेला अंगठा पाण्यात घातला, उजव्या हाताच्या तिसऱ्या फळीवरून हळूहळू पुढे नेला आणि एका जागी टेकवला. मीटरने त्याच्या शेजारी आपला तळहात लावला. खालून तळ्याचं थंड पाणी तिच्या हाताला ढोसत होतं, न थांबता. ओढणीची घडी तिथे कोंबून तिने सगळं वजन हातावर टाकलं. हात बधिर झाला, खांद्यात कळ आली, आप्पा दोनदा म्हणाले, "सोड आता, मी धरतो." नावेचं बूड काठाच्या चिखलाला घासेपर्यंत तिने तो उचलला नाही.